वॉटर मार्बल नेल आर्ट: पाण्यावरची नक्षी नखांवर कशी आली

वाटीभर पाण्यात नेलपॉलिशचे थेंब सोडायचे, एकात एक वर्तुळं झाली की टूथपिकने नक्षी ओढायची आणि बोट बुडवून ती नखावर उचलायची. हा प्रकार २०१०च्या सुमारास इंटरनेटवरच्या व्हिडिओंमुळे घरोघरी पोहोचला, त्यामुळे तो अगदी अलीकडचा वाटतो. पण यातल्या हाताच्या हालचाली कागदावर नक्षी उठवणाऱ्या कारागिरांनी कित्येक शतकं आधी बसवल्या आहेत. नवं आहे ते नेलपॉलिशचं द्रावण, आणि घरी करताना जी धांदल उडते तीही बहुतेक त्या द्रावणामुळेच.

जपानमध्ये कागदावरच्या या कलेला सुमिनागाशी म्हणतात. क्योतोच्या निशी होंगानजी मंदिराने जपलेल्या छत्तीस कवींच्या काव्यसंग्रहात असे कागद आहेत, ते बाराव्या शतकाच्या सुरुवातीचे. कारागीर दोन कुंचले घेतो. एकावर शाई, दुसऱ्यावर शाईला बाजूला सारणारं राळेसारखं द्रव्य. दोन्ही आळीपाळीने पाण्याच्या मध्यावर नुसते टेकवत गेलं की वर्तुळात वर्तुळ उमटत जातं. मग हलकी फुंकर घातली की वर्तुळं वेडीवाकडी होतात, आणि वरून कागद टेकवायचा. नेलपॉलिशचे दोन रंग एकाआड एक त्याच मध्यबिंदूवर सोडतो, तेव्हा आपण हेच करत असतो.

नक्षी टोकाने ओढायची रीत मात्र इराण आणि तुर्कस्तानकडे बहरली. तिथल्या एब्रू कलेत साधं पाणी चालत नाही. कतिरा डिंकासारख्या पदार्थाने ते दाट करतात, रंगात बैलाचं पित्त घालतात म्हणजे तो बुडत नाही, पसरतो. दाट पाण्यावर रेघ जिथे ओढली तिथेच राहते. अठराव्या शतकात इस्तंबूलच्या आयासोफिया मशिदीचे खतीब, म्हणजे तिथे प्रवचन देणारे, मेहमेद एफेंदी यांनी एकावर एक थेंब सोडून त्यांतून सुईने फुलासारखे आकार काढले. ती पद्धत आजही त्यांच्या पदाच्या नावाने ओळखली जाते. टूथपिकने वर्तुळं मध्याकडे ओढून पाकळ्या काढणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. विजापूरच्या चित्रकारांनीही सतराव्या शतकात असल्या कागदी नक्षीतून हाडकुळ्या घोड्यांची विलक्षण चित्रं घडवली.

युरोपात हा कागद पुस्तकांच्या बांधणीत गेला. तिथले कारागीर कृती बाहेर फुटू देत नसत. लंडनमध्ये चार्ल्स वूलनो या कारागिराने १८५३ साली ती सविस्तर छापली. २०१४ मध्ये युनेस्कोने एब्रूला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता द्रावणाकडे वळू. नेलपॉलिशचा गाभा म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कापसासारख्या तंतूंवर आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ. श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये ते बनवलं तेव्हा लक्ष होतं त्याच्या स्फोटकपणाकडे. पुढे १९२०च्या दशकात ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीने ड्यूको हा झटपट वाळणारा रंग मोटारींसाठी आणला, आणि आठवडे खाणारं रंगकाम तासांवर आलं. त्याच जातीचं लॅकर, म्हणजे वाळून चकचकीत होणारा लेप, नखांवर आलं. १९३२ मध्ये सुरू झालेल्या रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने पारदर्शक रंगाऐवजी रंगकणांचं दाट पॉलिश बाजारात रुजवलं. वॉटर मार्बलसाठी हा दाटपणा मोलाचा, कारण पाण्यावर थर फार पातळ होतो. खाली पांढरा बेस कोट लावायचा तोही त्यासाठीच, नाहीतर रंग फिके पडतात.

थेंब पसरतो तो पृष्ठताणामुळे. पाण्याचा पृष्ठताण जास्त, पॉलिशमधल्या एथिल आणि ब्यूटिल ॲसिटेट या द्रावकांचा बराच कमी. त्यामुळे पाणी थेंबाला चहूबाजूंनी ओढून घेतं. कार्लो मारंगोनी यांनी १८६५ मध्ये या ओढीचा अभ्यास केला, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पहिला थेंब झपकन पसरतो, पुढचे कमी कमी पसरतात, कारण तोवर पृष्ठभाग पॉलिशने व्यापलेला असतो. थेंब उंचावरून सोडला तर पसरण्याआधीच तळाशी जातो. म्हणून बाटलीचा ब्रश पाण्याच्या अगदी जवळ धरायचा.

कागदवाल्यांना नसलेली अडचण इथे सुरू होते. त्यांचे रंग पाण्यावर बराच वेळ ओले राहतात. पॉलिशमधलं द्रावक उडून जातं आणि काही क्षणांत दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. कडेची वर्तुळं आधी वाळतात. तिथे टूथपिक लावली की नक्षी ओढली जात नाही, अख्खा पापुद्राच तिच्यामागे येतो. गरम पाण्यात हे लवकर होतं, गार पाण्यात थेंब नीट पसरत नाही. म्हणून खोलीच्या तापमानाचं पाणी, आणि रेघा बाहेरून दुसऱ्या वर्तुळापासून सुरू करायच्या.

बोट बुडवल्यावर लगेच वर काढायचं नाही, हेही त्या पापुद्र्यामुळेच. बोट पाण्यातच ठेवून वर उरलेलं पॉलिश टूथपिकवर गुंडाळून घ्यायचं. नाहीतर बाहेर येताना दुसरा थर नखावर चढतो आणि हाती लागलेली नक्षी झाकून टाकतो. अतिजलद वाळणारी पॉलिशं इथे निरुपयोगी. दिव्याखाली घट्ट होणारं जेल पॉलिशही नको. त्याची रसायनंच वेगळी, पाण्यावर ते असं पसरत नाही.