सहाय्यक दिग्दर्शक आणि शिकाऊ दिग्दर्शक: ही गल्लत टाळायला हवी

गोव्यात जत्रेचं नाटक असो की कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा, हौशी संस्थेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दिग्दर्शन शिकायचंय ना? मग यंदा सहाय्यक म्हणून राहा." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण सहाय्यक दिग्दर्शक आणि शिकाऊ दिग्दर्शक या दोन वेगळ्या जागा आहेत. पहिलीवर वर्षानुवर्षं राहूनही दुसरीचं शिक्षण मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सहाय्यकाने दुसऱ्याने बसवलेलं नाटक सांभाळायचं असतं. कोण कुठल्या विंगेतून येतो, कुठल्या वाक्यावर उठतो, हे संहितेच्या समासात पेन्सिलने टिपायचं. प्रॉम्प्टिंग (विसरलेलं वाक्य आडून सुचवणं), तालमीचे निरोप, प्रॉपर्टीची म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी हेही त्याच्याकडेच. दिग्दर्शक नोकरीवरून उशिरा पोचला, तर कालचा प्रवेश काहीही न बदलता चालवून घ्यायचा. हे काम मुळीच कमी प्रतीचं नाही. चोख सहाय्यक नसेल तर रंगीत तालमीत प्रकाश आणि पार्श्वसंगीत यांचा मेळच बसत नाही.

शिकाऊ दिग्दर्शकाकडे मात्र स्वतःचं नाटक असतं. छोटंच असावं, तीन-चार पात्रांची, एकाच जागी घडणारी एकांकिका. संहितेपासून पात्रयोजनेपर्यंत सगळे निर्णय त्याचे. अनुभवी मार्गदर्शक पाठीशी असतो, पण तो तालमीत नटांशी बोलत नाही; जे सांगायचं ते नंतर, फक्त दिग्दर्शकाला. हे पथ्य मोडलं की संपलंच. ज्येष्ठांनी एकदा "अरे, तू जरा पुढे ये" म्हटलं की नट त्यांच्याच तोंडाकडे बघू लागतात आणि नवा दिग्दर्शक नकळत सहाय्यक होऊन बसतो.

समजा, देवळाच्या अग्रशाळेत तालीम चाललीय. घर विकायला निघालेला मुलगा आणि त्याची आई, असा प्रवेश. नव्या दिग्दर्शिकेने आईला मागे पाटावर बसवलंय, मुलगा पुढे उभा राहून बोलतोय. प्रवेश पडतो. मार्गदर्शकाला उपाय ठाऊक असतो, तरी तालीम संपल्यावर तो एवढंच विचारतो, "हा प्रवेश कुणाचा?"

"आईचा."

"मग उद्या मागे जमिनीवर बसून बघ, मंडपातले लोक बसतात तशी."

दुसऱ्या दिवशी तिथे बसल्यावर तिला कळतं, उभ्या मुलाआड आई दिसतच नाही. मग ती आईला पुढे आणून भांडी पुसायला लावते. मुलगा मागे दाराशी उभा राहून तिच्या पाठीशी बोलतो. कदाचित तिला तिसरंच काही सुचेल, मार्गदर्शकाच्या मनात नसलेलं. तेही चालू द्यायला हवं. नेमक्या इथेच संस्था कचरतात, कारण डोळ्यांसमोर बक्षीस असतं. म्हणून असा पहिला प्रयोग स्पर्धेत करू नये. गावच्या मंडपात करावा.

सहाय्यकाला हे का मिळत नाही? त्याला दिग्दर्शकाचा शेवटचा निर्णय दिसतो, मनातल्या मनात बाद केलेले पर्याय दिसत नाहीत. अभिनय बघून बघून बराच शिकता येतो. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलं की नट संवाद रचत जातात आणि नवा पोर ते बघत तयार होतो, कारण तिथलं कसब उघड्यावर घडतं. दिग्दर्शनाचं तसं नाही. १९५९मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातही दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याला शेवटी स्वतःचं नाटक उभं करावंच लागतं. नोकरी सांभाळून रात्री तालमीला येणाऱ्याला दिल्ली गाठणं जमत नाही. त्याला ही संधी आपल्या संस्थेनेच द्यायला हवी.

एक नाटक सहाय्यक म्हणून, मग स्वतःची एकांकिका, हा क्रम उत्तम. फक्त कुठली जागा देतोय ते पहिल्या वाचनाआधीच सांगावं. आणि जाहिरातीत 'दिग्दर्शन' या शब्दापुढे नव्या मुलाचं किंवा मुलीचं एकटं नाव छापावं. मार्गदर्शकाचं नाव वेगळ्या ओळीत.