उत्स्फूर्त विनोदनाट्य

लिखित संहिता, पाठ केलेले संवाद आणि आधी ठरवलेले कथानक यांच्याशिवाय, प्रेक्षकांसमोर जागच्या जागी रचला जाणारा विनोदी नाट्यप्रकार म्हणजे उत्स्फूर्त विनोदनाट्य. ‘इम्प्रॉव्ह’ या संक्षिप्त नावाने तो अधिक परिचित आहे. बहुतेक प्रयोगांच्या सुरुवातीला प्रेक्षकांकडून एखादा शब्द मागून घेतला जातो आणि जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर, एकदोन खुर्च्यांच्या आधाराने, नट त्यातून प्रवेश उभे करतात. काहीच ठरलेले नसताना तालीम कशाची करायची, असा प्रश्न साहजिकच पडतो. तालीम होते ती ऐकण्याची, पाहण्याची आणि जोडीदाराला सावरून घेण्याची, आणि ती वर्षानुवर्षे चालते.

सोळाव्या शतकात इटलीत उदयाला आलेल्या कोमेडिया देल्लार्ते या नाट्यप्रकारामध्येही नट कथानकाचा सांगाडा हाताशी ठेवून संवाद ऐन वेळी रचत. आजच्या इम्प्रॉव्हची मुळे मात्र विसाव्या शतकातील शिकागोमध्ये, आणि तीही व्यावसायिक रंगभूमीबाहेर सापडतात. हल हाउस या समाजसेवी संस्थेत नीव्हा बॉइड यांच्याकडे सामूहिक खेळांचे शिक्षण घेतलेल्या व्हायोला स्पोलिन (१९०६–९४) यांनी पुढे स्थलांतरित कुटुंबांतील मुलांसोबत काम करताना नाट्यखेळ रचले. शाबासकीची आस आणि नापसंतीची धास्ती या दोन्हींमुळे माणसाची उत्स्फूर्तता सारखीच आखडते, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून त्यांच्या खेळांत प्रत्येकाचे लक्ष गुंतून राहील असे एक नेमके काम दिलेले असते. आरशाच्या खेळात समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांपैकी एक जण हालचाल करतो आणि दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो; मग भूमिकांची अदलाबदल होते, ती होत होत इतकी भरभर होऊ लागते की अखेरीस पुढाकार कोणाचा, हे त्या दोघांनाही सांगता येत नाही. त्या अवस्थेत ‘मी कसा दिसतो आहे’ या विचाराला मनात जागाच उरत नाही. या कलेचे सारे मर्म या साध्या खेळात आले आहे, असे म्हणता येईल.

स्पोलिन यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी डेव्हिड शेफर्ड यांच्यासह १९५५ मध्ये कंपास प्लेअर्स ही नाट्यमंडळी काढली आणि १९५९ मध्ये शिकागोतच सेकंड सिटी ही संस्था सुरू झाली. तेथे उत्स्फूर्त खेळातून गवसलेले प्रसंग घोटून पक्के केले जात. उत्स्फूर्त प्रयोग हीच स्वयंपूर्ण कलाकृती मानावी, असा आग्रह नट व दिग्दर्शक डेल क्लोज यांनी धरला. एकाच शब्दातून निघालेले अनेक प्रवेश पुन्हा पुन्हा भेटत शेवटी एकमेकांत गुंफले जाणारा ‘हॅरल्ड’ हा दीर्घ प्रकार त्यांच्या नावाशी जोडला जातो.

लंडनमध्ये रॉयल कोर्ट थिएटरशी संबंधित दिग्दर्शक कीथ जॉन्स्टन (१९३३–२०२३) स्वतंत्रपणे याच दिशेने निघाले होते. ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत नाटकाची संहिता परिनिरीक्षणासाठी (सेन्सॉरसाठी) आधी सादर करावी लागे. जिथे संहिताच नाही तिथे परवानगी कशाची मागणार? म्हणून हे प्रयोग वर्ग म्हणून भरवले जात. जॉन्स्टन यांनी नटांना जोडीदारापेक्षा किंचितच वरचा किंवा किंचितच खालचा दर्जा, म्हणजे मानाचे स्थान, धरायला सांगितले आणि कृत्रिम वाटणारे संवाद एकदम जिवंत झाले. पुढे कॅनडातील कॅल्गरी येथे त्यांनी कुस्तीच्या आखाड्यातील प्रेक्षकांच्या उत्साहावरून थिएटरस्पोर्ट्स हा स्पर्धात्मक प्रकार घडवला.

या कलेचे पहिले सूत्र ‘होय, आणि’ असे सांगतात : जोडीदाराने मांडलेले वास्तव मान्य करावे आणि त्यात आपली भर घालावी. एक नट गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागतो. दुसरी येऊन विचारते, “डॉक्टर, सापडला का माझा दात?” तो हात उघडून म्हणतो, “दात सापडला, पण हा तुमचा नाही.” दोनच वाक्यांत नाते, जागा आणि पेच तयार झाला. त्याऐवजी “मी डॉक्टर नाही” असे उत्तर आले असते तर कदाचित हशाही पिकला असता, पण प्रवेश तिथेच संपला असता आणि जोडीदार उघड्यावर पडला असता. झटपट हशासाठी जोडीदाराचा बळी देण्याची ही सवय नवशिक्यांत सर्रास आढळते आणि ती सुटायला फार वेळ लागतो. हे मान्य करणे पात्रापुरते असते. नटाच्या अंगाला स्पर्श कुठवर चालेल, याच्या मर्यादा आधीच बोलून ठरवाव्या लागतात.

आत्मसुधारणेच्या ओढीने या वर्गांकडे वळणारे पुष्कळ असतात. वैज्ञानिकांना आपले संशोधन लोकांशी बोलता यावे म्हणून अभिनेते ॲलन ॲल्डा यांच्या प्रेरणेने २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात सुरू झालेल्या केंद्रात हेच खेळ शिकवले जातात. ओढ प्रामाणिक असली तरी तिच्यात एक अडचण आहे. ‘आज मी किती सुधारलो’ हे मोजत रंगमंचावर उभा राहणारा माणूस जोडीदाराचे वाक्य अर्धेच ऐकतो, कारण उरलेले लक्ष स्वतःवर असते. सुधारणा येते ती आडवाटेने : बुजरा माणूस शांतता पेलायला शिकतो, तर घाईने बोलणारा दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देतो, आणि दोघांनाही हे बहुधा इतरांनी सांगितल्यावरच कळते. ही मानसोपचाराची जागा घेणारी गोष्ट नव्हे, पण चुकण्याची भीती कमी करणारा इतका आनंददायी सराव विरळाच.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक आणि नट गोल करून बसतात आणि एकेका प्रवेशाचा हिशेब होतो. किती हशा पिकला, याची चर्चा तिथे फारशी होत नाही. जोडीदाराने सुरुवातीला दिलेले नाव कोण विसरला, दाराची काल्पनिक कडी कोणी न काढताच आत पाऊल टाकले, प्रवेश रेंगाळताना बाजूला उभे असलेले मदतीला का धावले नाहीत, अशा गोष्टी निघतात. आणि पुढच्या तालमीची सुरुवात पुन्हा आरशाच्या खेळाने होते.