पार्श्वभूमी: एलएलडीबी, बीएसडी आणि एक्स८७चा टॅग वर्ड

एलएलडीबी हा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून त्याच्या आत पाहण्याचं साधन. त्यात एक्स८६ प्रोसेसरच्या रजिस्टरांच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागांच्या) दुरुस्त्या २०१९ ते २०२१ या काळात दाटीने झाल्या, त्यामागे मुख्यतः नेटबीएसडी, फ्रीबीएसडी अशा युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवाले, म्हणजे बीएसडीवाले होते. नेटबीएसडीच्या कामातून छोट्या असेंब्ली चाचण्या आल्या: रजिस्टरांत ठरलेली मूल्यं भरायची, ब्रेकपॉइंटवर थांबायचं आणि डीबगर काय दाखवतो ते ताडून पाहायचं. पुढे फ्रीबीएसडीचा जुना प्लगइन मोडीत निघाला आणि लिनक्ससारखाच एलएलडीबी-सर्व्हरवर (प्रोसेसवर ताबा ठेवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामवर) चालणारा नवा आला. सामान्य रजिस्टरांपेक्षा घोळ जास्त होता तो एक्स८७मध्ये, म्हणजे अपूर्णांकी गणितं करणाऱ्या जुन्या भागात, जिकडे आता फारसं कोणी फिरकत नाही.

त्यातला सगळ्यात चिवट मुद्दा एफटॅगचा, म्हणजे एक्स८७च्या कुठल्या रजिस्टरात काय आहे ते सांगणाऱ्या टॅग वर्डचा. १९८०च्या ८०८७पासून टॅग वर्ड १६ बिटांचा आहे. आठ रजिस्टरांना प्रत्येकी दोन बिट: वैध, शून्य, विशेष किंवा रिकामं. एफएक्ससेव्ह या रजिस्टरं मेमरीत साठवणाऱ्या सूचनेच्या ५१२ बाइटांच्या आराखड्यात मात्र रजिस्टरामागे एकच बिट उरला, भरलेलं की रिकामं एवढंच सांगणारा. कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, डीबगरला मिळतो तो हा आखूड टॅग. एलएलडीबी तोच जसाच्या तसा दाखवत असे, जीडीबी हा दुसरा डीबगर पूर्ण १६ बिट दाखवत असे. एक्स८७ची रजिस्टरं एका स्टॅकसारखी चालतात; रिकाम्या स्टॅकवर एकच साधी संख्या चढवली, तर हेक्साडेसिमलमध्ये एकाचं उत्तर ८० आणि दुसऱ्याचं ३एफएफएफ.

कर्नलने दिलं तेच दाखवावं, ही बाजू अगदीच पोकळ नाही. पूर्ण टॅग बांधायचा तर स्टेटस वर्डमधून स्टॅकचा माथा काढावा लागतो, कारण टॅग प्रत्यक्ष रजिस्टरांच्या क्रमाने असतात आणि एसटी०, एसटी१ माथ्यापासून मोजले जातात. मग प्रत्येक भरलेल्या रजिस्टरातलं मूल्य तपासून शून्य, विशेष की वैध ते ठरवायचं. लिहिताना तर माहिती गळतेच: वैध संख्येवर ‘शून्य’ असा टॅग लिहिला, तरी पुढच्या वाचनात ‘वैध’च परत येतो. तरीही २०२०मध्ये एलएलडीबीत रूपांतराच्या बाजूने कौल गेला, आणि तो योग्यच होता. प्रोसेसरचं मॅन्युअल उघडून बसलेल्याला १६ बिटांचाच टॅग वर्ड अपेक्षित असतो.

याच सुमारास एक्स८७चे सूचना आणि डेटा पॉइंटरही सुधारले. ६४ बिटांच्या एफएक्ससेव्हमध्ये ते सलग पत्ते असतात, ३२ बिटांच्यात सेगमेंट वेगळा.

एकाच वेळी अनेक संख्यांवर काम करणाऱ्या एव्हीएक्स सूचनांची कहाणी अजून सरलेली नाही. त्यांच्या वायएमएम रजिस्टरांचा खालचा अर्धा भाग एफएक्ससेव्हच्या जागेत, वरचा त्यापुढे वाढवलेल्या एक्ससेव्ह आराखड्यात ५७६व्या बाइटपासून. इथवर इंटेल आणि एएमडी जुळतात. एव्हीएक्स-५१२चे मास्क रजिस्टर मात्र इंटेलवर १०८८पासून, एएमडीवर ८३२पासून सुरू होतात, कारण इंटेलने मध्ये एमपीएक्सला (मेमरीच्या सीमा तपासणाऱ्या सोयीला) जागा दिली होती. चालू प्रोसेसवर सीपीयूआयडीला (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेला) विचारून भागतं. नेटबीएसडीने तर २०१९मध्येच पीट्रेसमधून (कर्नलच्या डीबगिंग-दारातून) ठरीव रचना द्यायला सुरुवात केली, म्हणजे डीबगरला ऑफसेट (कुठला भाग कितव्या बाइटपासून आहे ते) माहीत असण्याची गरजच नाही. लिनक्स आणि फ्रीबीएसडी कच्चा आराखडा देत राहिले.

कोअर फाइल, म्हणजे कोसळलेल्या प्रोसेसची जपलेली प्रत, दुसऱ्याच यंत्रावर उघडली की विचारायला मूळ प्रोसेसर नसतो. २०२३च्या जीडीबी १४मध्ये आराखड्याच्या आकारावरून तो कोणाचा हे ओळखण्याची सोय झाली. लिनक्स कर्नलने पुढच्या वर्षी ऑफसेट कोअर फाइलमध्येच नोंदवायला घेतले, पण त्याआधीच्या फाइलींना आकारावरून काढलेल्या अंदाजाचाच आधार आहे.