डॉकटाइपची ती एक ओळ

कुठल्याही वेबपानाचा सोर्स उघडला की सगळ्यात वर बहुधा एकच ओळ दिसते: कोनी कंसात उद्गारचिन्ह, डॉकटाइप आणि एचटीएमएल, म्हणजे पान ज्या भाषेत लिहिलेलं असतं तिचं नाव. ती खोडली तरी पान उघडतं, मजकूर दिसतो. मांडणी मात्र कुठेतरी बिघडते, आणि नेमकं काय बिनसलं हे शोधता शोधता नवख्या डेव्हलपरचा दिवस जातो.

मुळात ही ओळ ब्राउझरसाठी नव्हतीच. एचटीएमएल तेव्हा एसजीएमएलच्या, म्हणजे अशा भाषांचे नियम ठरवणाऱ्या जुन्या प्रमाणाच्या, चौकटीत बसवलेलं होतं आणि पान कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी लिहिलंय हे व्हॅलिडेटरला (पान नियमांत बसतं का ते तपासणाऱ्या प्रोग्रामला) कळावं म्हणून डॉकटाइप द्यायचा. ब्राउझर त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर हे दोन ब्राउझर एकमेकांवर कुरघोडी करण्यात गुंतले होते. दोघांचे टॅग वेगळे, चुकाही वेगळ्या. पानं लिहिणारे त्या चुका गृहीत धरूनच लिहीत.

खरी पंचाईत झाली सीएसएसमुळे, म्हणजे पानाची मांडणी आणि रूप ठरवणाऱ्या भाषेमुळे. डिसेंबर १९९६ मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यानुसार ‘विड्थ’ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. पॅडिंग (मजकूर आणि कडेमधली मोकळी जागा) आणि बॉर्डर (कडेची रेघ) त्यावर वेगळी. विंडोजवरचा एक्स्प्लोरर ५ मात्र सगळं त्या रुंदीतच कोंबायचा. समजा विड्थ ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना २० चं पॅडिंग आणि ५ ची बॉर्डर. प्रमाणाप्रमाणे चौकट ३५० ची व्हायला हवी. एक्स्प्लोररमध्ये ती ३०० ची राहायची आणि मजकुराला उरायचे २५०. दोन कॉलमच्या पानात एवढा फरक पडला की उजवा कॉलम सरळ खाली घसरायचा.

चूक दुरुस्त करावी, तर तिच्या भरवशावर उभी असलेली असंख्य जुनी पानं मोडणार. न करावी, तर प्रमाणाला अर्थ नाही. मार्च २००० मध्ये मॅकसाठी आलेल्या एक्स्प्लोरर ५ ने यातून वाट काढली. त्याचं इंजिन बनवणाऱ्या चमूतले टांटेक चेलिक आणि सहकाऱ्यांनी डॉकटाइपचा चक्क खटका केला. काटेकोर डॉकटाइप दिसला तर पान प्रमाणाप्रमाणे दाखवायचं. नसला किंवा जुनाट असला तर जुन्या खोडींसकट, म्हणजे क्वर्क्स मोडमध्ये. मोझिलाने हीच रीत उचलली आणि २००१ च्या एक्स्प्लोरर ६ नेही. माझ्या मते वेबच्या इतिहासातली ही सर्वांत व्यवहारी तडजोड आहे: जुन्या पानांना कुणी हात लावला नाही आणि नव्यांना नियम पाळायची सोय झाली.

गंमत म्हणजे एक्सएचटीएमएलच्या, म्हणजे एक्सएमएलच्या काटेकोर नियमांनी लिहिलेल्या एचटीएमएलच्या, शिफारशीनुसार डॉकटाइपच्या आधी एक्सएमएलची घोषणा लिहिली, की एक्स्प्लोरर ६ थेट क्वर्क्स मोडमध्ये जायचा. नियम पाळल्याची शिक्षाच ती.

तोवर एक्स्प्लोरर ५ वापरणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी चेलिक यांनीच एक क्लृप्ती काढली. आधी चुकीच्या हिशेबाची रुंदी लिहायची, मग ‘व्हॉइस-फॅमिली’ या (पान वाचून दाखवणाऱ्या आवाजासाठीच्या) भलत्याच गुणधर्माच्या किमतीत अवतरणात महिरपी कंस टाकायचा, आणि त्यानंतर खरी रुंदी. एक्स्प्लोररला वाटायचं नियम इथेच संपला. बाकीचे ब्राउझर पुढे वाचत. नियमाच्या दृष्टीने हे सगळं शंभर टक्के वैध! पुढे कंडिशनल कॉमेंट्स, म्हणजे फक्त एक्स्प्लोररलाच वाचता येणाऱ्या सूचना, रुळल्या आणि असली कसरत कमी झाली.

एक्स्प्लोरर ६ नंतर ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. त्या पाच वर्षांत ‘एक्स्प्लोररमध्ये चालतंय ना, मग झालं’ ही वृत्ती फोफावली. मराठी वाचकांनाही तिची झळ लागली. अनेक वृत्तपत्रांच्या साइट्स युनिकोडऐवजी आपापल्या फॉन्टवर चालत आणि तो फॉन्ट आपोआप उतरायचा तो फक्त एक्स्प्लोररमध्ये. तेच पान फायरफॉक्समध्ये उघडलं की बातमीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी.

मायक्रोसॉफ्टने २००८ च्या सुरुवातीला आणखी एक खटका सुचवला: पानात खास मेटा टॅग (ब्राउझरसाठीची, वाचकाला न दिसणारी सूचना) नसेल तर एक्स्प्लोरर ८ पान ७ सारखंच दाखवील. प्रमाण पाळणाऱ्यांनाच वेगळी परवानगी मागावी लागणार म्हटल्यावर ओरड झाली आणि मार्चमध्ये निर्णय फिरवला गेला. एचटीएमएल५ लिहिणाऱ्यांनी तर डॉकटाइपचा जुना लांबलचक मजकूरच कापला. ब्राउझरला प्रमाण मोडमध्ये आणायला जेवढी अक्षरं लागतात तेवढीच ठेवली. आवृत्तीचा आकडासुद्धा नाही.

ती मूळ ‘चूक’ही परत आली आहे, मानाने. पॅडिंग रुंदीतच धरणारा हिशेब आता ‘बॉर्डर-बॉक्स’ या नावाने सीएसएसमध्ये आहे आणि कित्येक जण नव्या प्रोजेक्टच्या स्टाइलशीटमध्ये तो सुरुवातीलाच लिहितात. एक्स्प्लोरर ११ चा आधार जून २०२२ मध्ये बहुतेक ठिकाणी संपला, क्वर्क्स मोड मात्र प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. रंगाच्या आकड्याआधीचं हॅशचिन्ह विसरलं तरी चालवून घेणं, टेबलातल्या अक्षरांना बाहेरचा आकार लागू न करणं, अशा जुन्या खोडी कशा पाळायच्या याचं व्हॉटडब्ल्यूजीने, म्हणजे आता एचटीएमएलचं प्रमाण सांभाळणाऱ्या गटाने, रीतसर प्रमाण लिहून ठेवलंय.