आनुवंशिक कर्करोग आणि सीमाभाग : ‘कुटुंब’ कुणाला म्हणायचं?

बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये हाती लागलं, बीआरसीए-२ पुढच्याच वर्षी. यांत दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तो दोष पिढ्यान्‌पिढ्या घरात उतरतो. आपल्याकडे ही नावं घरोघर पोचली ती २०१३ साली, एका हॉलिवूड अभिनेत्रीने स्वतःच्या शस्त्रक्रियेबद्दल जाहीर लिहिलं तेव्हा. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गतः असलेल्या जनुकावर पेटंट नाकारलं, आणि तिथे या जनुकांच्या चाचणीवर असलेली एका कंपनीची मक्तेदारी संपली.

पुढची गुंतागुंत आपली, बेळगावकडची. असा दोष असलेल्या घरांना मदत करू पाहणारी कुठलीही धर्मादाय संस्था इथे पहिल्यांदा अडखळते ती ‘कुटुंब’ या शब्दाला. योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरची नावं. जनुकाला रेशनकार्ड कळत नाही. समजा, खानापूरची थोरली मुलगी चंदगडला दिली, धाकटी निपाणीला, भाऊ घरीच. थोरलीला पस्तिशीत स्तनाचा कर्करोग झाला. चाचणी आधी तिची व्हायला हवी, कारण तिच्यात दोष नेमका कुठे आहे हे सापडलं की भावंडांची तेवढीच जागा तपासून भागतं आणि खर्च बराच उतरतो. पण ती महाराष्ट्राच्या कार्डावर, भावंडं कर्नाटकाच्या. तिच्या रक्ताच्या तपासणीचे पैसे कुणी द्यायचे? ‘आमचं काम सीमेच्या अलीकडचं’ असं म्हणणाऱ्यांचा हिशेब चोख असेल, पण लेकीला वगळून केलेली यादी वैद्यकीयदृष्ट्या निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वंशावळीचं दुखणंही तेच. सुगीनंतर दारात येणारे हेळवी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं चोपडीतून वाचतात, पण ओळ चालते मुलग्यांची. आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या समुपदेशकाच्या कागदावर मात्र पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि आई-बाप दोन्हींकडच्या किमान तीन पिढ्या लागतात. ‘आत्या कशानं गेली?’ असं विचारलं की ‘पोटात गाठ झालेली’ एवढंच उत्तर मिळतं. ती अंडाशयाची होती का, हे सांगणारं बहुधा कुणी उरलेलं नसतं. शिवाय स्तनाचा आजार म्हणजे आईकडूनच येणार, हा समज पक्का. तो दोष बापाकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून हे झालं, असंही लोक म्हणतात. इथे एकाच बाजूचा दोष पुरतो, तेव्हा मामाला उगाच बोल.

‘आनुवंशिक’ म्हटलं की विम्याची धास्ती आलीच. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका हृदयरुग्णाच्या दाव्यावरून हा विषय गाजला आणि विमा नियामकाने कंपन्यांना आनुवंशिक आजार सरसकट वगळू नका असं कळवलं. मुलीचं लग्न ठरायचं असलेल्या घरात या कागदाचा काही उपयोग होत नाही. तिथे चाचणीचा अहवाल कपाटातच राहतो.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली, आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरले. दोन्हीकडच्या योजनांचा भर आजारी पडून भरती झालेल्या माणसावर. निपाणीची धाकटी अजून धडधाकट आहे. ती कुठल्याच यादीत नाही.