सेवक-नेतृत्व, आधुनिक पोपपदातील

रोमन कॅथलिक चर्चमधील सर्वोच्च अधिकार सेवेसाठीच आहे, ही धारणा आणि ती आचरणात उतरवण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पोपांनी पाडलेले पायंडे. तिचे मूळ योहानच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू कमरेला पंचा बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी पाय पुढे करायला तयार होत नाही. कॅथलिक परंपरा याच पेत्राला पहिला पोप मानते.

पोप पहिले ग्रेगरी (५९०–६०४) यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या पूर्वेकडील चर्चच्या प्रमुखाने, लावलेल्या ‘विश्वव्यापी’ या बिरुदाला हरकत घेतली आणि स्वतःसाठी ‘सेर्वुस सेर्वोरुम देई’, म्हणजे ‘देवाच्या सेवकांचा सेवक’, ही उपाधी रूढ केली. आपल्या संतांचा ‘दासानुदास’ हा शब्द तिच्या अगदी जवळ जातो. पुढच्या शतकांत उपाधी टिकली आणि तिच्याभोवती दरबारही वाढला : तीन मजली मुकुट, माणसांनी खांद्यावर वाहायची खुर्ची, पिसांचे पंखे, स्वतःचा ‘आम्ही’ असा उल्लेख. भेटीला येणारे पोपच्या जोड्यावर भरलेल्या क्रुसाचे चुंबन घेत.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) काळात हा थाट उतरू लागला. तेविसावे जॉन यांनी त्याआधीच, १९५८ च्या नाताळात, रोमच्या रेजिना चेली तुरुंगात जाऊन कैद्यांची भेट घेतली होती. सहावे पॉल यांनी मिलानवासीयांनी दिलेला मुकुट नोव्हेंबर १९६४ मध्ये गरिबांसाठी म्हणून वेदीवर ठेवला. त्यांच्यानंतर एकाही पोपचा राज्याभिषेक झालेला नाही. तीन आठवड्यांच्या आत ते मुंबईत होते. भारतात आलेले ते पहिले पोप. परतताना त्यांनी आपल्यासाठी आणलेली पांढरी मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली; मदरनी ती सोडतीत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या कामाला लावला.

याच पोपांची एक कृती मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. १४ डिसेंबर १९७५ रोजी सिस्टाइन चॅपेलमध्ये त्यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कचे प्रतिनिधी मेट्रोपॉलिटन (वरिष्ठ बिशप) मेलिटोन यांच्यासमोर, काहीही न सांगता, गुडघे टेकले आणि त्यांच्या पायांचे चुंबन घेतले. ग्रेगरींनी ज्या पीठाशी वाद घातला होता, त्याच पीठाचा हा माणूस. पुढे पोप फ्रान्सिस यांनी जे केले, त्याची वाट इथून निघते.

फ्रान्सिस १३ मार्च २०१३ रोजी निवडून आले. सज्जातून लोकांना आशीर्वाद देण्याआधी मान लववून त्यांनी आपल्यासाठी प्रार्थना मागितली. राजवाड्यातील दालने सोडून ते सांता मार्ता या अतिथिगृहात राहिले. पंधरा दिवसांनी, पवित्र गुरुवारी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणदिनी, ते कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या कोठडीत गेले आणि बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, दोघे जण मुसलमान होते. उपासनेच्या नियमात तेव्हा फक्त पुरुषांचेच पाय धुण्याची तरतूद होती. नियम बदलला तो २०१६ मध्ये, म्हणजे कृती आधी आणि कायदा नंतर. हा क्रमच या परंपरेचे बळ आहे आणि तिच्यावरचा आक्षेपही : पोपला नियम ओलांडता येतो, गावच्या फादरला नाही. एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी दक्षिण सुदानच्या एकमेकांविरुद्ध लढलेल्या नेत्यांपुढे कष्टाने खाली वाकून त्यांच्या जोड्यांचे चुंबन घेतले आणि शांतता टिकवण्याची विनवणी केली.

अधिकार मात्र कायद्याने तसूभरही कमी झालेला नाही. चर्चसंहितेचे ३३१ वे कलम पोपला सर्वोच्च, पूर्ण आणि थेट सत्ता देते. तेव्हा सेवेची खरी कसोटी पाय धुण्यात लागत नाही. स्वतःची चूक ऐकून घेण्यात लागते. चिलीमध्ये लैंगिक अत्याचार दडपल्याचा आरोप असलेल्या बिशपची फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१८ मध्ये पाठराखण केली आणि पीडित दुखावले. एप्रिलमध्ये त्यांनी आपली गंभीर चूक लेखी कबूल केली आणि पीडितांना सांता मार्तामध्ये बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले. सोळावे बेनेडिक्ट यांचा २०१३ मधील राजीनामाही याच कसोटीवर पाहायला हवा. वयामुळे शक्ती उरली नाही, असे सांगून त्यांनी पद सोडले, आणि पद माणसापेक्षा मोठे ठरवले.

१७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी वसईपासून गोव्यापर्यंत चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी झाला. त्या दिवशी आजारी फ्रान्सिस चाकांच्या खुर्चीवरून रेजिना चेली तुरुंगात गेले. यंदा तुमचे पाय धुता येणार नाहीत, पण तुमच्याजवळ यायचे होते, असे त्यांनी कैद्यांना सांगितले. चार दिवसांनी त्यांचे निधन झाले.