पवनचक्कीचा आवाज मोजला म्हणता, मग तो अख्खा कागद गावाला दाखवा

सोलापूर जिल्ह्याच्या एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला धाराशिव, आणि दोन्हीकडं पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यामुळं हा विषय आपल्या सांगोला-बार्शीकडच्या वाड्यावस्त्यांना लांबचा राहिलेला नाही. आणि भांडण सगळीकडं एकाच वळणावर जातं. वस्तीवरचा माणूस म्हणतो रात्री झोप लागत नाही, कंपनीचा माणूस म्हणतो आवाज लिमिटमध्ये आहे, आम्ही मोजलाय. रिपोर्ट कुठंय विचारलं की ग्रामपंचायत तहसीलकडं बोट दाखवते, तहसील प्रदूषण मंडळाकडं, आणि कागद काही बघायला मिळत नाही.

माझं सरळ म्हणणं आहे की यात दोघंही खरं बोलत असू शकतात. कसं ते सांगतो.

पवनचक्कीचा मुख्य आवाज गिअरबॉक्सचा नसतो, तो पात्याच्या कडेवरून हवा सुटते तिथं तयार होतो. लांबून चक्की निवांत फिरताना दिसते, पण 120 मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 12 फेरे मारत असेल तर पात्याचं टोक ताशी 270 किलोमीटरच्या आसपास पळत असतं. टोकाचा वेग थोडा जरी वाढला तरी आवाज भराभर चढतो. शिवाय तो सलग नसतो, तीन पाती आणि 12 फेरे म्हणजे मिनिटाला 36 वेळा सूं... सूं... असा चढउतार. सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागाशेजारी राहणाऱ्याला त्याची खटखट अंगवळणी पडते कारण ती एकसारखी चालू असते, हा चढउतार मात्र आवाज बारीक असला तरी कानाला सोडत नाही.

आता रात्रीचं बघू. दिवसा ऊन असतं, जमीन तापते, हवा वरखाली घुसळत राहते, त्यामुळं खाली आणि वर वाऱ्याच्या वेगात फार फरक राहत नाही. रात्री आभाळ निरभ्र असलं की माळरान झपाट्यानं थंड होतं, खालची हवा जड होऊन जागेवर बसते आणि वरचा वारा मोकळा सुटतो. म्हणजे अंगणात पान हलत नाही पण शंभर मीटरवर पाती जोरात फिरतायत, आणि तो आवाज झाकायला खाली झाडांची सळसळसुद्धा नाही. नेदरलँड-जर्मनी सीमेवरच्या ऱ्हेडे इथल्या पवनचक्क्यांवर व्हॅन डेन बर्ग या डच संशोधकानं 2004 साली अभ्यास छापला, त्यात जमिनीजवळचा वारा दिवसाइतकाच असताना रात्रीचा आवाज 15 डेसिबलपर्यंत जास्त भरला. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे 15 काय चीज आहे बघा.

मग सकाळी अकरा वाजता कुणीतरी मीटर घेऊन आलं, पाच मिनिटं उभं राहिलं आणि 42 डेसिबल लिहून गेलं तर तो आकडा खोटा नाही पण त्या आकड्यानं रात्रीचं काहीच कळत नाही. किती वाजता मोजलं, चक्कीच्या उंचीवर वारा किती होता, चक्की किती वेगानं फिरत होती की बंदच होती, मीटर घरापासून किती लांब होता, हे सगळं असलं तरच त्या 42 ला अर्थ. आणि यातला चक्कीचा हिशोब कंपनीच्या कंप्युटरमध्ये दर दहा मिनिटांनी आपोआप नोंदला जातो. तो कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही.

नियम काय सांगतो? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, औद्योगिक भागाला मात्र रात्री 70. त्यामुळं रिपोर्टमध्ये आपली वस्ती कुठल्या रकान्यात टाकलीय हे पहिल्यांदा बघायचं. दुसरं म्हणजे पवनऊर्जेला पर्यावरण मंजुरीची अट नाही आणि 2016 पासून ती प्रदूषण मंडळांच्या पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या यादीत आहे, प्रदूषण मंडळाची संमतीसुद्धा लागत नाही, नुसतं कळवलं की झालं. म्हणजे जनसुनावणी नाही. गावाला आधीच विचारण्याची जागा उरते ती ग्रामसभा, आणि तिथं ठराव कधी झाला हेच अर्ध्या गावाला माहीत नसतं, याची मला खरंच चीड येते.

केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी राहत्या घरापासून 500 मीटर अंतर ठेवा असं लिहिलं होतं. आता आपल्याकडं निम्मी माणसं गावठाणात राहतच नाहीत, शेतात वस्ती करून राहतात. नकाशावर फक्त गावठाण दाखवलं तर अंतर दोन किलोमीटर येतं आणि वस्तीपासून मोजलं तर 350 सुद्धा येईल. म्हणून घराची नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंद आहे का हे आजच बघून घ्या, ते घर तिथं आहे याचा तो कागदी पुरावा. आणि 500 मीटर म्हणजे शांतता असंही नाही. 105 डेसिबल ताकदीच्या एका चक्कीचा आवाज तिथं साधारण 40 ते 43 पोचतो, तेवढ्याच अंतरावर दुसरी उभी केली की 3 डेसिबल वाढतात, म्हणजे 45 च्या काठावर. रानात रात्री एरवी 25-30 असतो.

कागद मिळवायला माहिती अधिकार आहेच, दहा रुपयांत अर्ज, 30 दिवसांत उत्तर, महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांत. पण खरं तर कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अशा गोष्टी न मागता लावायच्या असतात. ग्रामपंचायतीच्या फलकावर ठराव, चक्क्यांचे गट नंबर, घरांपासूनची अंतरं आणि आवाजाचा पूर्ण तक्ता लावायला कुणाची हरकत असावी? कंपनीचंही यात नुकसान नाही. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं पवनचक्क्यांपासून 5 मैलांच्या आत राहणाऱ्या 1,705 लोकांना विचारलं तेव्हा ज्यांना सगळी प्रक्रिया रास्त वाटली होती त्यांचं चक्क्यांबद्दलचं मत चांगलं निघालं.

आणि मोजणी करायचीच असेल तर रात्री, घराच्या अंगणात, आणि चक्की दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद अशी आलटून पालटून करायला लावा. चालू असताना 46 आणि बंद असताना 43 आला तर एकट्या चक्कीचा आवाज 43 निघतो, वजाबाकी करून 3 नाही, कारण डेसिबल साध्या बेरजेनं चालत नाहीत. बंद असताना 30 आला तर 46 चे 46 चक्कीचेच. ही अट ग्रामसभेच्या ठरावातच घालता येते, आणि पंचनाम्यावर वस्तीवरच्या माणसाची सही त्याच रात्री, आकडे भरल्यावरच घ्यायची, कोऱ्या कागदावर नाही.